दाढ काढली म्हणून डोळे गेले म्हणे

"लुडविग्ज अँजायना आहे," असं वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. माझे मिस्टर तेव्हा स्ट्रेचरवर बसलेले होते. आडवं केलं की श्वास अडकायचा, म्हणून दोन्ही हात मागे टेकून, तोंड उघडं टाकून ते बसले होते आणि लाळ शर्टावर गळत होती. अँजायना म्हणजे हृदयाचं काहीतरी, एवढंच मी ऐकलेलं. मी म्हटलं, मॅडम, छाती ठीक आहे हो यांची, यांची फक्त दाढ दुखते.

डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. थकलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, "दाढेतूनच झालंय हे. दाढेचा संसर्ग जबड्याखाली, जिभेखाली, दोन्हीकडे पसरलाय. जीभ वर ढकलली गेलीय. श्वासाची वाट बंद होण्याच्या आत गळ्यात नळी टाकावी लागेल."

गळ्याला पुढून भोक पाडून श्वासाची नळी बसवतात, त्याला ट्रेकिऑस्टॉमी म्हणतात. हा शब्द आता मला पाठ आहे. त्या दिवशी मी फक्त एवढंच विचारलं की दाढेनं माणूस मरतो का. त्या म्हणाल्या, "उशीर केला तर मरतो." आणि पडदा ओढून आत गेल्या.

उशीर आम्ही केलाच होता. कसा केला, ते सांगण्यासाठी मी हे लिहिते आहे. लिहायची हौस मला नाही. आर्वीत माझं बांगड्या-कटलरीचं दुकान आहे, टूथब्रश आणि पेस्टही ठेवते. मिस्टर एसटीत ड्रायव्हर. आर्वी-नागपूर गाडीवर त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. त्यांच्या आजारपणानंतर दुकानात येणारी प्रत्येक बाई मला दातांबद्दल काही ना काही विचारते आणि जे विचारते ते ऐकून माझं डोकं फिरतं. तोंडानं सांगून सांगून थकले, म्हणून कागदावर.

दाढ खालची होती, उजवीकडची, शेवटून दुसरी. आधी थंड पाणी झोंबायचं. मग गरमही. मग चावताना कळ यायची. हिरड्यांतून रक्त तर त्याआधीपासूनच येत होतं. ब्रश लाल व्हायचा. त्यावर मिस्टरांनी शोधलेला उपाय म्हणजे ब्रश करणंच बंद. बोटानं मंजन लावायचे आणि म्हणायचे, आता बघ, थेंब नाही. शाबास, म्हटलं.

कारंज्याच्या ढाब्यावर गाडी चहाला थांबते. तिथे यांनी गाल धरलेला पाहून कंडक्टर मनोहरभाऊंनी विचारलं. मनोहरभाऊ माणूस चांगला. अडल्यानडल्याला धावून येणारा. पण सल्ला देण्याचा रोग. त्यांनी सांगितलं की बाकी काही करा, पण दाढ काढू नका. दाढेची नस डोळ्याला जोडलेली असते, दाढ निघाली की नजर जाते. त्यांच्या कोणा मामाची गेली म्हणे. टेबलावरच्या बाकी ड्रायव्हरांनी माना डोलावल्या. एकानं तर त्यात आपली एक मावशीही घातली.

तुम्ही हसाल. पण ज्याची रोजी डोळ्यांवर आहे त्याला हे सांगून पाहा. ड्रायव्हरची डोळ्यांची तपासणी होते. नापास झाला की स्टिअरिंग गेलं. मग आयुष्यभर गाडी चालवलेला माणूस डेपोत झाडाखाली बसतो, मिळेल ते काम करतो, आणि कालपर्यंत ‘उस्ताद’ म्हणणारे त्याला चहा आणायला सांगतात. मिस्टरांनी तसे दोघे पाहिलेले होते. त्यांना मरणाची भीती नव्हती, झाडाखाली बसायची होती. आणि त्या साली तपासणी तोंडावर आलेली होती.

तरी ते आर्वीतल्या दातांच्या डॉक्टरकडे एकदा गेले. तरुण मुलगी आहे, हसतमुख. सोबत मनोहरभाऊ. तिनं दाढेचा एक्स-रे काढला, मुळाशी पू आहे म्हणाली. हिरड्या दाबून पाहिल्या, दोन-तीन दात हलताहेत म्हणाली. दाढ काढावी लागेल, आणि त्याआधी एकदा रक्तातली साखर तपासून घ्या, असं तिनं स्पष्ट सांगितलं.

रात्री जेवताना मिस्टरांनी आम्हाला ते रंगवून सांगितलं. "दात दाखवाले गेलतो तं रक्त तपासा म्हणे. उद्या पाय दुखला तं डोक्याचा फोटो काढा म्हणन." घरातले सगळे हसले. मीही हसले. दातांचा आणि साखरेचा काय संबंध, लॅबवाल्याचं कमिशन असेल, असंच सगळ्यांना वाटलं. पोरीनं खरं तर त्या दिवशी आमच्या घरावरचं संकट बोट ठेवून दाखवलं होतं.

पुढे तपासणीची तारीख ढकलत गेली. डॉक्टर नव्हते, मग गाड्या कमी होत्या, मग आणखी काही. मिस्टर म्हणायचे, एकदा डोळे पास झाले की दुसऱ्या दिवशी दाढ काढतो. तोवर काय? मेडिकलमधून गोळ्या. त्या घेतल्या की सूज उतरायची, दोन-चार दिवस बरं वाटायचं, राहिलेल्या गोळ्या डब्यात. पुन्हा सूज, पुन्हा डब्यातल्या गोळ्या. मधूनच दाढेत तंबाखूची चिमूट दाबायची. बाहेरून गरम पाण्याच्या पिशवीनं शेक. तो शेक मीच द्यायची. वर्ध्याच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं की पू असताना असा शेक देऊ नये. कोणी आधी सांगितलं असतं तर!

त्याच दिवसांत दुसरंही सुरू होतं, पण ते या दुखण्याशी जोडायचं कोणाला सुचलं नाही. मिस्टर पाणी खूप प्यायचे. आमच्याकडचा उन्हाळा, इंजिनाची धग, मग ड्रायव्हर पाणी पिणारच. आणि डेपोत गाड्या धुणाऱ्यांशी त्यांचं रोज वाजायचं. समोरची काच धूत नाही म्हणून. समोरून येणाऱ्या गाडीचा लाइट काचेवर फाटतो, फडक्यानं कितीही पुसली तरी धुरकट ती धुरकटच. एकदा तर त्यांनी धुणाऱ्याला बादलीसकट ओढत आणून काच दाखवली. तो म्हणाला, "साफ तं हाये ना उस्ताद." त्यावर एवढं भांडण झालं की आगारप्रमुखांना मध्ये पडावं लागलं.

एका सकाळी ते उठले तेव्हा हनुवटीखाली सूज होती. हात लावला तर लाकडासारखी टणक. आवाज असा, की तोंडात गरम घास धरून माणूस बोलतोय. पाणी घशाखाली उतरेना. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि फक्त म्हणाले, इथे थांबू नका. वर्ध्याला पोचेपर्यंत अँब्युलन्समध्ये मिस्टरांनी माझं मनगट सोडलं नाही.

नळी टाकली. हनुवटीखाली चिरून पू काढला. दाढ त्याच वेळी काढली. मग बाहेर येऊन दुसऱ्या एका डॉक्टरांनी विचारलं की शुगर किती वर्षांची. मी म्हटलं, यांना शुगर नाही. ते म्हणाले, "ताई, आहे. मीटरवर आकडा मावत नव्हता." त्यांनी एक तपासणी केली होती, एचबीएवनसी. मागच्या साधारण तीन महिन्यांत साखर सरासरी किती होती ते त्यात कळतं. माणूस कालपासून गोड खाणं सोडून आला तरी त्यात लपत नाही. साखर वाढलेली असली की हिरड्या सुजतात, रक्त येतं, दात हलतात, आणि एका दाढेचा पू बघता बघता गळ्यात उतरतो, असं त्यांनी समजावलं. मला ती हसतमुख पोरगी आठवली. आमचं हसणंही आठवलं.

आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर माझे दिवस गेले. बोरगाव मेघेला माझी बहीण राहते, ती दोन्ही वेळेला डबा आणायची आणि मी खाते की नाही ते समोर बसून बघायची. त्या बाकड्यावर प्रत्येकाकडे आपली एक गोष्ट असते. मी माझी सांगितली की लोक मान वळवून बघायचे. हार्ट, किडनी, अपघात असलं ऐकायची तयारी असते. "दाढ?" असं विचारून एका बाईनं मला पुन्हा सांगायला लावलं.

गळ्यात नळी असली की बोलता येत नाही. मिस्टर शुद्धीवर आले तेव्हा मी बहिणीच्या नातीची पाटी नेली. मला वाटलं, काही म्हणतील, घरचं विचारतील, निदान पाणी मागतील. मी त्यांना सांगितलं की धोका टळला, पू काढला, दाढही काढली. त्यांनी पाटी ओढली आणि एकच शब्द लिहिला. डोळे?

मला रडू यायला हवं होतं. मला इतका राग आला की मी पाटी घेऊन बाहेर आले. मरता मरता वाचलेला माणूस, आणि त्याच्या डोक्यात कारंज्याचा ढाबा!

पण डोळ्यांचं खरंच काहीतरी होतं. शुगर एवढी निघाली म्हणून डॉक्टरांनी स्वतःच त्यांना डोळ्यांच्या विभागात पाठवलं. डायबेटिक रेटिनोपॅथी, असं निदान झालं. डोळ्याच्या मागे जो पडदा असतो, त्याच्या बारीक रक्तवाहिन्या साखरेनं खराब होतात, झिरपतात. तिथल्या डॉक्टरांनी मिस्टरांना समोर बसवून सांगितलं, "हे दाढेनं झालेलं नाही. दाढेची आणि नजरेची नस वेगळी. हे साखरेनं झालंय, आणि गेल्या आठवड्यात नाही, काही वर्षांपासून होतंय. लेझरनं उरलेलं वाचवू. गेलेलं बहुतेक परत येणार नाही." मिस्टरांनी मान हलवली. मला वाटलं, कळलं.

कळलं नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. नळी निघाली, भोक बुजलं, आवाज आला, थोडा घोगरा. घरी आलो. तपासणीत ते नापास झाले. स्टिअरिंग गेलं. डेपोच्या गेटवर त्यांना बसायचं काम मिळालं, नेमकं झाडाखाली.

आणि तिथे बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले की वर्ध्याला दाढ काढली आणि डोळे गेले.

मला हे दुकानात कळलं, गिऱ्हाइकाकडून. एक बाई नवऱ्यासाठी लवंगेचं तेल विचारत होती. मी म्हटलं दात दाखवा. ती म्हणाली, नको बाई, तुमच्याच घरी झालं ना, दाढ काढली अन् डोळे गेले. घरी जाऊन मी मिस्टरांना जाब विचारला. ते म्हणाले, लोकच म्हणतात, मी काय करू. मी ओरडले, लोकांना सांगतं कोण? त्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडले.

त्याचं कारण मला ठाऊक होतं. दाढ काढणाऱ्या डॉक्टरनं घात केला म्हटलं की माणूस बिचारा ठरतो. सांगितलं होतं पण मी ऐकलं नाही, हसण्यावारी नेलं, असं म्हटलं की तो मूर्ख ठरतो. गेटवर बसलेल्या माणसाकडे तेवढाच मान उरला होता. मला कीव यायची आणि त्याहून जास्त संताप यायचा. कारण त्यांच्या त्या मानापायी गावातले किती गाल सुजत होते, ते मी काउंटरमागून मोजत होते.

बायका मला जे विचारतात त्याची उत्तरं मी डॉक्टरांना विचारून ठेवली आहेत, ती इथे देते. हिरडीतून रक्त येतं म्हणून ब्रश सोडायचा नसतो, मऊ ब्रशनं हलक्या हातानं घासायचं, आणि रात्रीचं घासणं सकाळपेक्षा महत्त्वाचं. दात साफ करून घेतल्यानं, म्हणजे स्केलिंगनं, दात सैल होत नाहीत. सैल झालेले दात किटणानं धरून ठेवलेले असतात, किटण निघालं की ते कळतं एवढंच. दुखत नसलं तरी सहा महिन्यांनी एकदा दात दाखवावे, शुगरवाल्यानं तर नक्कीच. दात काढायला जाताना डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर खाऊन जावं, आणि शुगर, बीपी, रक्त पातळ करायची गोळी, जे असेल ते आधी सांगावं. मेडिकलच्या गोळीनं सूज उतरली म्हणजे दाढ बरी झाली असं नाही. आणि वरची असो की खालची, दाढ काढल्यानं नजर जात नाही. हे शेवटचं मी किती वेळा सांगितलं असेल! समोरची बाई ऐकून घेते, आणि मग माझ्या खांद्यावरून डेपोच्या गेटच्या दिशेनं बघते.

मागच्या महिन्यात मनोहरभाऊ घरी आले. तेच ते. गालाला मफलर, डोळे लाल, बोलणं जड. बसायला पण तयार नव्हते. डॉक्टरनं त्यांनाही दाढ काढायला सांगितली होती. ते काढत नाहीत म्हणून त्यांच्या बायकोनं दोन दिवस जेवण सोडलं, तेव्हा ते विचारायला आले होते, आणि विचारायला आले होते माझ्या मिस्टरांना.

"वहिनी, मले भेव वाटते," ते म्हणाले. "भाऊचे डोळे माह्या समोर गेले ना."

मी आत चहाचं पाणी ठेवून आले होते, तशीच उभी राहिले. मनोहरभाऊंची हनुवटी मी पाहिली. खालून भरत आली होती. तशी हनुवटी मी एकदा हातानं चाचपली आहे. मी मिस्टरांना म्हटलं, "आज खरं सांगा. नाई तं यायच्या बायकोले तोंड तुमी दाखवजा, मी नाई जाणार."

मिस्टरांनी चष्मा काढला, बनियनच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. त्यांचा घोगरा आवाज आणखीच खाली गेला होता.

"मनोहर, मी वॉशिंगवाल्याशी भांडलो होतो, आठवते तुले? काचेसाठी?"

मनोहरभाऊ म्हणाले, आठवते.

"काच साफ होती बावा. मलेच दिसून नव्हतं राह्यलं. अन् तवा दाढ तोंडातच होती माह्या."

चहाचं पाणी आत उकळून आटत होतं, मला ऐकू येत होतं. मग मिस्टर उठले, खुंटीवरचा शर्ट घातला आणि म्हणाले, "चाल. मी येतो संगं."

त्याच पोरीकडे गेले दोघं. दाढ निघाली. आधी साखर तपासली, ती ठीक होती. दुसऱ्या दिवशी डेपोत लोकांनी मनोहरभाऊंसमोर बोटं धरून विचारलं म्हणे, किती आहेत? त्यांनी बरोबर सांगितली. तरी एक जण म्हणालाच, काही दिवस जाऊ दे, मग समजन. मी हे ऐकून हसले नाही.

वर्ध्याच्या डॉक्टरांचे उपकार माझ्यावर आहेत, जन्मभर राहतील. त्यांनी नवरा परत दिला. त्या दातांच्या पोरीची तर मी माफी मागितली, दुकानात बोलावून, सगळ्यांसमोर. पण मला ज्या क्षणानं थोडं शांत केलं तो वेगळाच आहे. त्या संध्याकाळी दोघं घरून निघाले तेव्हा मी दारात होते. अंधारून आलं होतं, अशा वेळी मिस्टरांना आमची पायरी दिसत नाही. गाल धरलेल्या मनोहरभाऊंनी दुसरा हात पुढे केला, आणि माझ्या मिस्टरांनी, ज्यांनी नजर अधू झाल्यापासून कोणाचा हात धरायला नकार दिला होता, तो धरला.